सही तिची, निर्णय कोणाचा?

वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रात शेवटी शेवटी एक वाक्य हमखास येतं: 'सदर हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देत आहे.' त्याखाली बहिणीची सही, अंगठ्याचा ठसा आणि फोटो. कागदापुरता विषय तिथे संपतो. काही वर्षांनी त्याच बहिणीला विचारलं तर ती म्हणते, "तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं." भावाला विचारलं तर तो सांगतो, "आम्ही तिला एका शब्दानेही बोललो नाही." दोघंही खरं बोलत असतात, अशी पुष्कळ घरं आपल्या ओळखीत आहेत.

कोणी धमकावलं नाही, कोणी फसवलं नाही, सही स्वतःच्या हाताने केली, आणि तरी निर्णय आपला वाटत नाही. असं कसं होतं? हाच प्रश्न सध्या इतर ठिकाणीही डोकं वर काढतो आहे. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचा बनाव करणाऱ्या ठगांना, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'ला, घाबरून माणसं आयुष्यभराची पुंजी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात पाठवतात. मोबाइलवर तिकीट काढताना नको असलेला विमा आपल्याच बोटाने घेतला जातो. या सगळ्याच्या मुळाशी माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा जुना प्रश्न आहे. तो तत्त्वज्ञांपुरता ठेवण्याइतका दूरचा नाही, कारण त्याच्या उत्तरावर कोणाची जमीन कोणाच्या नावावर राहते हे ठरतं.

'माझी इच्छा' खरंच माझी असते का?

इच्छास्वातंत्र्य म्हणजे आपण जे केलं त्याऐवजी दुसरं काही करणं आपल्या हातात होतं, ही जाणीव आणि तशी क्षमता. याच्या समोर उभा राहतो नियतिवाद. त्याचं म्हणणं असं की जगातल्या प्रत्येक गोष्टीला आधीची कारणं असतात आणि माणसाचा निर्णयही त्याला अपवाद नाही. आपण कोणत्या घरात जन्मलो, काय ऐकत वाढलो, काल रात्री झोप झाली की नाही, या सगळ्यांची बेरीज म्हणजे आजचा निर्णय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन नेमकं हेच विचारतो: इच्छा नसतानाही, जणू कोणी बळजबरीने ओढत नेल्यासारखा, माणूस चुकीचं का वागतो?

काही विचारवंत म्हणतात, कारणांची साखळी पूर्ण असेल तर स्वातंत्र्य हा भास आहे. काही म्हणतात, माणसाचं मन त्या साखळीबाहेरचं आहे. मला पटतं ते तिसरं उत्तर. कारणं तर असणारच. प्रश्न आहे तो कोणत्या कारणाने निर्णय झाला याचा. शाकाहारी घरात वाढलेल्या माणसाला पुढेही शाकाहारच आवडला, तर घरच्या वळणाने ती आवड घडली म्हणून ती त्याची नाही असं आपण म्हणत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ साली यात एक उपयोगी भेद केला. माणसाला इच्छा असतात आणि त्या इच्छांबद्दलही इच्छा असतात. तंबाखू सोडू पाहणाऱ्याला तंबाखू हवी असते, पण ती हवीशी वाटू नये असंही त्याला मनापासून वाटत असतं. त्याने पुडी फोडली तर एका अर्थाने इच्छेनेच फोडली, तरी त्या इच्छेला तो स्वतः आपली म्हणत नाही. बहिणीच्या बाबतीत हाच धागा उपयोगी पडतो. तिने सही इच्छेने केली का, हा अर्धा प्रश्न झाला. ज्या कारणाने ती इच्छा झाली ते कारण तिला मान्य आहे का, हा उरलेला अर्धा.

मेंदू आपल्याआधीच ठरवून मोकळा होतो, असं विज्ञान म्हणतं ना?

हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरतं. त्याचा उगम अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ सालच्या प्रयोगात आहे. माणसांना सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा, आणि समोरच्या घड्याळात फिरणारा ठिपका कुठे होता तेव्हा 'हलवावं' असं वाटलं ते सांगा. डोक्याला लावलेल्या तारांवर दिसलं की हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू होते. माणसाला इच्छेची जाणीव होते ती मात्र हालचालीच्या सुमारे एक पंचमांश सेकंद आधी. म्हणजे जाणीव मागाहून आली.

यावरून 'इच्छास्वातंत्र्य संपलं' असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. २०१२ साली आरॉन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ती तथाकथित तयारी म्हणजे मेंदूत सतत चालणाऱ्या चढउतारांचाच परिणाम असू शकते. चढउतार एका पातळीपर्यंत पोचले की हात हलतो; त्याआधी काही 'ठरलेलं' असतंच असं नाही. शिवाय कारण नसताना मनगट हलवणं आणि लग्न, नोकरी किंवा जमिनीचा निर्णय घेणं यांत मोठं अंतर आहे. असे निर्णय आठवडे, महिने मनात घोळतात.

स्वतः लिबेट यांनी इच्छास्वातंत्र्य मोडीत काढलं नव्हतं. त्यांच्या मते जाणीव झाल्यावर आणि हात हलण्याआधी जो क्षण उरतो, त्यात माणूस थांबू शकतो. सुरुवात आपल्या हातात नसली तरी नकार आपल्या हातात आहे. त्यांचं हे मत वादातीत नाही, पण या लेखासाठी फार मोलाचं आहे. निर्णय किती स्वतंत्र होता हे पाहायचं असेल तर होकाराकडे बघून काही कळत नाही. नकार देता येत होता का, तो दिला असता तर काय भोगावं लागलं असतं आणि ती किंमत कोणी ठरवली होती, हे बघावं लागतं.

मग सल्ला देणं हाही दबावच का?

ही शंका रास्त आहे. आईवडील समजावतात, मित्र भरीस घालतात, शिक्षक दिशा देतात. यातलं काहीच नसेल तर माणूस निर्णय घेणार कशाच्या आधारावर?

भाजीवाल्याचा तराजू आठवा. पारड्यात सगळ्यांसमोर वजन ठेवलं तर ते दिसतं, मोजता येतं, हे वजन खरं का म्हणून विचारताही येतं. पारड्याच्या खाली चिकटवलेलं लोहचुंबक दिसत नाही, आणि काटा मात्र झुकतो. सल्ला म्हणजे समोर ठेवलेलं वजन. 'ही जमीन तू कसणार नाहीस, भाऊच कसतो, विचार कर' हे उघड वजन आहे. बहीण त्यावर म्हणू शकते, 'कसत नाही हे खरं, पण माझ्या वाट्याचं मला द्या.' माहिती दडवणं, धाक घालणं, अपराधी वाटायला लावणं, विचाराला वेळच न देणं, ही पारड्याखालची चुंबकं. तीही निर्णयावर प्रभावच टाकतात, पण त्यांना उत्तर देता येत नाही, कारण ती दिसत नाहीत.

गीतेच्या शेवटच्या अध्यायात, सगळा उपदेश सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. इतका मोठा प्रभाव टाकूनही निर्णयाची जागा मोकळी ठेवलेली आहे.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे

१८७२ चा भारतीय करार कायदा संमती आणि मुक्त संमती यांत फरक करतो. सही असली म्हणजे संमती दिसते. ती मुक्त ठरायला त्यामागे बळजबरी, गैरवाजवी प्रभाव, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक नसावी लागते. यांतला गैरवाजवी प्रभाव हा शब्द महत्त्वाचा. एकाची दुसऱ्याच्या मनावर हुकमत चालते आणि त्या हुकमतीचा वापर करून तो स्वतःचा अनुचित फायदा करून घेतो, तेव्हा त्याला हे नाव आहे. वय, आजारपण, मानसिक किंवा शारीरिक यातना यांमुळे ज्याची समज कमकुवत झाली आहे अशा माणसाशी व्यवहार करणाराही या हुकमतीच्या स्थितीत असतो, असं कलम १६ सांगतं. अशा स्थितीतल्या माणसाने केलेला व्यवहार उघडच अन्यायकारक दिसत असेल, तर आपण दबाव आणला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

जुने निकाल वाचले की अंगावर काटा येतो. १८८९ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर एका तेरा वर्षांच्या विधवेचं प्रकरण आलं. एका मुलाला दत्तक घेत नाही तोवर नवऱ्याचं प्रेत घरातून हलवू द्यायचं नाही, असं नातेवाइकांनी ठरवलं होतं. तिने दत्तक घेतलं. न्यायालयाने ती संमती मुक्त मानली नाही. त्या मुलीला नाही म्हणता आलं असतं का? शब्दांत आलं असतं. पण त्या नकाराची किंमत होती डोळ्यांदेखत पडून राहिलेलं नवऱ्याचं प्रेत, आणि ती किंमत तिथल्या माणसांनी मुद्दाम लादली होती.

पुढच्याच वर्षी अलाहाबादला एका वृद्धाचं प्रकरण आलं. परलोकी आत्म्याचं कल्याण होईल या भावनेने त्याने आपली मालमत्ता गुरूला देऊन टाकली होती. इथे कोणी धमकावलं नव्हतं, शिष्याची श्रद्धाही खरी होती. तरी ते दानपत्र रद्द झालं, कारण गुरूने श्रद्धेच्या नात्यातून स्वतःचाच फायदा करून घेतला होता.

तिसरं प्रकरण १९१७ चं, पुन्हा मद्रासचं, आणि आपल्या विषयाच्या अगदी जवळचं. एका माणसाने बायको आणि मुलाला सांगितलं की माझ्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्या, नाहीतर मी जीव देतो. त्यांनी करून दिलं. बहुमताने निकाल लागला की आत्महत्येची धमकी ही बळजबरीच आहे आणि तो दस्त टिकणार नाही. 'माझं मेलेलं तोंड बघशील' ही शपथ घालून सह्या घेणाऱ्यांना हा शंभर वर्षांहून जुना निकाल माहीत असायला हवा.

कोणी काहीच बोललं नाही, तरीही दबाव असतो?

असतो, आणि बहुतेक वेळा तो याच रूपात असतो. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेइतकी लांब आहे, एवढंच ओळखायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. पण खोलीतली बाकीची माणसं ॲश यांचीच होती आणि ती ठरवून एकसारखं चुकीचं उत्तर देत होती. बाहेरून आलेल्या माणसाने अशा सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागोमाग चुकीचं उत्तर दिलं. चार जणांत तिघं निदान एकदा तरी वाहवत गेले. कोणी डोळे वटारले नव्हते, रेघेच्या लांबीवर कोणाचं पोट अवलंबून नव्हतं. फक्त एकटं पडणं नको होतं.

याच प्रयोगाचा दुसरा भाग फार कमी सांगितला जातो. त्या खोलीत एक जरी माणूस खरं उत्तर देणारा बसवला, तर वाहवत जाण्याचं प्रमाण एकदम खाली येत असे. एक सोबती पुरत होता.

काही दबावांना तर माणसांचीही गरज लागत नाही, मांडणी पुरते. मरणोत्तर अवयवदानासाठी जर्मनीत 'मी देऊ इच्छितो' अशी नोंद स्वतःहून करावी लागे. ऑस्ट्रियात नकार नोंदवला नसेल तर संमती धरली जाई. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संमतीचं प्रमाण जर्मनीत १२ टक्के आणि ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांच्या वर होतं. शेजारचे देश, भाषाही तीच. फरक होता तो काहीच केलं नाही तर काय धरायचं याचा. भारतात १९९४ च्या कायद्यानुसार स्पष्ट संमती लागते.

तीच युक्ती ग्राहकाविरुद्ध वापरली की तिला 'डार्क पॅटर्न' म्हणतात: पडद्यावरची अशी मांडणी, जी तुमच्याकडून तुम्हाला नको ते करून घेते. आधीच टिचकी मारून ठेवलेला विमा, 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' अशा शब्दांत लिहिलेलं नकाराचं बटण, एका क्लिकवर सुरू होणारी पण बंद करताना दहा पडदे ओलांडायला लावणारी वर्गणी. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे १३ प्रकार नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली. यादी वाचताना लक्षात येतं की बहुतेक प्रकारांत होकार सोपा ठेवला आहे आणि नकार महाग केला आहे.

आता बहिणीच्या सहीकडे येऊ

कायद्याने तिचा हक्क काय, हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण निम्मा दबाव अज्ञानावर चालतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर १९५६ पासूनच हिंदू कुटुंबात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. त्या तारखेला वडील हयात असणं आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हा हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत दस्त लागतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, फेरफार मंजूर झाला, एवढ्याने मालकी जात नाही. ती नोंद महसुलासाठी असते. 'तलाठ्याकडे सही केली, आता सगळं गेलं' असं समजून गप्प बसलेल्या बायकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता ती सही कशी होते ते पाहा. वडील जातात. तेरावं होतं. पाहुणे पांगायच्या आत, सगळे जमलेच आहेत तर, वारसनोंदीचा विषय निघतो. मोठा काका म्हणतो, "पोरी काय परक्या आहेत का, त्या देतील सही करून." हे तिला विचारलेलं नसतं, तिच्या वतीने जाहीर केलेलं असतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं. आता नाही म्हणायचं तर जमलेल्या भावकीसमोर, वडिलांच्या फोटोसमोर, आईच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागतं. ॲश यांच्या खोलीत निदान रेघाच मोजायच्या होत्या.

आणि नकाराची किंमत? माहेर. दिवाळीला यायचं घर, बाळंतपणाला हक्काने टेकायची जागा, सासरी काही बिनसलं तर परतायची एकमेव वाट. वाटा मागितला की भावाचं दार बंद होतं, हे तिने दुसऱ्या कोणा बाईच्या बाबतीत होताना पाहिलेलं असतं. म्हणून भावाला एक शब्दही बोलावा लागत नाही. धमकी गावाने आधीच देऊन ठेवलेली असते. 'आम्ही बोललो नाही' हे त्याचं म्हणणं खरं असतं आणि 'नाही म्हणता आलं नसतं' हे तिचंही.

दुय्यम निबंधकाकडे ही गोष्ट उघडकीस येईल, असं समजू नये. तिथे ओळख पटवली जाते, साक्षीदार पाहिले जातात, दस्त तुम्हीच करून दिला का हे विचारलं जातं. सहीमागचं मन तपासण्याचं ते ठिकाणच नाही.

पण बहिणी मनापासूनही हक्क सोडतात, त्याचं काय?

सोडतात, आणि त्यांच्या निर्णयाला कमी लेखायचा अधिकार कोणाला नाही. भाऊ गावी राहिला, त्याने आईवडिलांचं दुखणंखुपणं काढलं, कोरडवाहू जमिनीत राबला, बहीण शहरात नीट स्थिरावली. ती म्हणते, ही जमीन त्याचीच. इथे प्रेम आणि कृतज्ञता ही तिची स्वतःची कारणं आहेत. फ्रँकफर्ट यांच्या भाषेत, तिची इच्छा तिला मान्य आहे.

दोन्ही सह्या कागदावर सारख्या दिसतात, पण फरक पाहता येतो. मिळकत किती आहे आणि आजच्या बाजारभावाने त्या मिळकतीची किंमत काय, हे तिला सांगितलं होतं का? 'सहा महिन्यांनी बघू' म्हणायची मुभा होती का? तिने आपल्या ओळखीच्या वकिलाला विचारलं असतं तर घरात तोंडं वाकडी झाली असती का? जिथे या गोष्टी मोकळेपणाने होतात, तिथे केलेला त्याग खरोखर त्याग असतो.

'लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा' हे वाक्य मला मान्य नाही. लग्नाचा खर्च वारसाहक्कातून वजा करायची तरतूद वारसा कायद्यात नाही. शिवाय त्या खर्चाचा निर्णय बहुतेक वेळा तिला विचारून झालेला नसतो. तिने न घेतलेल्या निर्णयाचं बिल तिच्या नावावर फाडणं अन्यायाचं आहे.

गोव्याने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याच्या परंपरेत मुलगा-मुलगी असा भेद न करता संततीसाठी मिळकतीचा अर्धा भाग राखीव असतो. आईवडिलांना मृत्युपत्राने मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते ती उरलेल्या अर्ध्याचीच. आईवडिलांचं स्वातंत्र्य थोडं आवळून मुलांचं रक्षण केलेलं आहे. प्रत्येक निर्णय व्यक्तीवर सोडणं म्हणजे तिला स्वातंत्र्य देणंच असेल असं नाही, हे गोव्याच्या उदाहरणावरून मला पटतं.

शिकलेल्या, कमावत्या माणसांना हे का कळत नाही?

कळण्याचा आणि दबाव झुगारता येण्याचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या जाळ्यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक अडकले आहेत. पोलीस किंवा तपास यंत्रणेचा वेश करून ठग व्हिडिओ कॉलवर सांगतात, तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही. आपल्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असं काही नाही, हे पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून देशाला सांगावं लागलं. यात भीती आणि घाई असतेच, पण सगळ्यात प्रभावी हत्यार म्हणजे एकटं पाडणं. शेजारच्या खोलीतल्या मुलाला नुसती हाक मारली तरी डाव उधळतो, म्हणून ती हाक आधी बंद केली जाते. अशा वेळी फोन ठेवून १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि जितकी लवकर केली तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

इथे एक आक्षेप येतो: सगळंच परिस्थितीवर ढकललं तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही. मला उलट वाटतं. नकाराची किंमत कोणी वाढवली हे विचारलं की जबाबदारी बरोबर त्या माणसाकडे जाते. ठगाने पैसे उकळले तर दोष ठगाचा, म्हाताऱ्या माणसाच्या भोळेपणाचा नव्हे. चुलत्यांनी भरल्या घरात पोरीला बोलायला जागा ठेवली नाही तर ती त्यांची जबाबदारी, तिने 'तेव्हाच का नाही बोललीस' हे ऐकून घ्यायचं कारण नाही. गुन्हेगार मात्र 'माझ्यावरही परिस्थितीचा प्रभाव होता' असं म्हणून सुटू शकत नाही, कारण थांबण्याची मुभा त्याला होती आणि ती कोणी काढून घेतली नव्हती.

सही करण्याआधी, आणि करून बसल्यावर

स्वतंत्र सल्ला या शब्दाला न्यायालयात वजन आहे. १९२९ सालचा, सिंगापूरहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे गेलेला एक निकाल भारतीय वकीलही अजून अभ्यासतात. एका निरक्षर वृद्धेने जवळपास सगळी मिळकत आपला कारभार पाहणाऱ्या पुतण्याच्या नावे केली. तिला वकिलाने समजावून सांगितलं होतं आणि वकील प्रामाणिक होता. पण तिची जवळजवळ सगळीच मिळकत यात जाते आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि पुतण्यालाच द्यायचं तर मृत्युपत्रानेही देता येईल हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. ते बक्षीसपत्र रद्द झालं. वकील कोणीतरी होता एवढं पुरत नाही. तो तिच्या बाजूचा हवा आणि त्याला पूर्ण चित्र माहीत हवं. भावाने ठरवलेल्या वकिलाने भावाच्याच गाडीतून कार्यालयात नेऊन वाचून दाखवलेला दस्त ही कसोटी पार करत नाही.

सही होऊन गेली असेल तर ती आपोआप रद्द होत नाही आणि एकतर्फी मागेही घेता येत नाही. दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि बहीण-भाऊ हे नातं आहे म्हणून कायदा दबाव गृहीत धरत नाही. हुकमत होती आणि तिचा गैरफायदा घेतला, हे दाखवावं लागतं. त्या दिवसांतले संदेश, दुखवट्यातली तारीख, मोबदला न मिळाल्याची नोंद, स्वतःचा वकील नसणं, हे सगळं तिथे कामी येतं. मुदत साधारण तीन वर्षांची असते, दस्त रद्द मागण्याचं कारण ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून. आईवडिलांनी मुलांना मिळकत देताना 'आम्हाला सांभाळाल' ही अट घातली असेल आणि ती मोडली गेली, तर वाट थोडी सोपी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार असं हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाखाली झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. म्हणून ती अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी.

ज्या भावाला वाटतं की बहीण मनापासून देते आहे, त्याच्या हातातही बरंच आहे. तेराव्याला हा विषय काढू नये, कोणी काढला तर आपणच थांबवावं. सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर लागू द्यावीत. त्याने कसायला काही अडत नाही. जमिनीची किंमत काढून ती बहिणीला लेखी कळवावी, वर्षभर वाट पाहावी, आणि तिने हक्क ठेवला तरी भाऊबीजेला ताट तसंच वाढलं जाईल हे तिला आईसमोर, काकांसमोर सांगावं. भावकीसमोर तिच्या नावावर जो होकार जाहीर झाला होता, तो त्याच भावकीसमोर मागे घेणं हे काम फक्त तोच करू शकतो.